महापेतली कूल खोली

माथेरान नको, महाबळेश्वर नको. भर मे महिन्यात २२ डिग्रीची ग्यारंटी देणारं एक ठिकाण ठाण्यापासून लोकलने अर्ध्या तासाच्या आत आहे. फक्त तिथली हवा बिघडली, तर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवावं लागतं.

मे महिना आला की ऑफिसात एकच विषय असतो. यंदा कुठे? कोणी मनालीचे फोटो दाखवतं, कोणी पाचगणीच्या बुकिंगसाठी वणवण करत असतं. ज्यांना सुट्टी मिळत नाही ते कॅंटीनच्या एसीखालची खुर्ची पकडून बसतात. तर मंडळी, अशांसाठी एक हटके ठिकाण. इथे बारा महिने, चोवीस तास तापमान २२ डिग्री. पाऊस नाही, ऊन नाही, माकडं नाहीत, ‘सर, घोडा पाहिजे का?’ नाही. अडचण एकच, पर्यटकांना प्रवेश नाही. तिथे राहतात ते सर्व्हर.

ठिकाण आहे महापे, नवी मुंबई. तुमचा पगार, तुमची तिकिटं, तुमचं रात्री दोन वाजता मागवलेलं चिकन रोल, यातलं बरंच काही याच पट्ट्यातल्या कुठल्या तरी थंड खोलीतून जाऊन आलेलं असतं.

खाडी उजवीकडे, डोंगर डावीकडे

ठाण्याहून ट्रान्स हार्बरची वाशी लोकल पकडायची. २००४ मध्ये ही लोकल सुरू झाली आणि ठाणे-बेलापूर रोडवरच्या बसमध्ये लोंबकळणाऱ्या एका अख्ख्या पिढीने सुटकेचा श्वास टाकला. ऐरोली आलं की उजव्या हाताला खाडी. तिथे सीझनमध्ये फ्लेमिंगो येतात आणि त्यांच्यामागोमाग मोठ्या लेन्सवाले लोक येतात. डाव्या हाताला पारसिकचा डोंगर, आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी पसरलेली एमआयडीसी. एके काळी इथली ओळख होती केमिकलचा वास. डोळे मिटून बसलेला माणूसही नुसत्या वासावरून स्टेशन ओळखायचा म्हणे.

आता चित्र पालटलंय. कारखाने आहेतच, पण त्यांच्या मधूनमधून अजस्र, गुळगुळीत, बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहिल्यात. ना पाटीचा झगमगाट, ना गेटवर गर्दी. एका बाजूला ओळीने डिझेल जनरेटर आणि गच्चीवर कूलिंगची यंत्रणा दिसली की समजायचं, हे डेटा सेंटर. सिफी रबाळ्यात, कंट्रोलएस आणि एनटीटी महापेत. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल येतात, वीज बऱ्यापैकी भरवशाची आहे आणि जागा मोठी आहे. म्हणून हा पट्टा देशातला डेटा सेंटरचा सगळ्यात मोठा अड्डा झाला.

या मोठ्या मंडळींकडे सगळं जास्तीचं असतं. पाच कूलिंग युनिट पुरत असतील तर सहावं ठेवलेलं, जनरेटरला जोडीदार जनरेटर, आणि रात्रभर स्क्रीनवर नजर ठेवणारी माणसं. पण मला तिथे जायचं नव्हतं. कारण आपल्यापैकी बहुतेकांचं ऑफिस असल्या इमारतीत नसतंच. ते असतं जिन्याखालच्या, पॅन्ट्रीशेजारच्या, जुन्या स्टोअररूममधल्या ‘सर्व्हर रूम’च्या भरवशावर. तशीच एक खोली मला पाहायची होती.

पुढे महाबळेश्वर, मागे नागपूर

कोपरखैरणेला उतरून रिक्षाने एका इंडस्ट्रियल गाळ्यात पोचले. ही एक ट्रान्सपोर्ट कंपनी. गाड्या भिवंडी, न्हावाशेवा, तळोज्याला फिरतात. त्यांच्या बिल्ट्या, डिझेलचे हिशोब, ड्रायव्हरचे ॲडव्हान्स, सगळं पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत. खोली दहा बाय बारा. तिचा राखणदार म्हणजे कंपनीचा सिस्टिम ॲडमिन. नाव छापू नकोस म्हणाला. ऑफिसात त्याला सगळे ‘सर्व्हर’च म्हणतात, आपणही तेच म्हणू.

दाराबाहेर चपला काढायच्या, देवळासारख्या. आत शिरताच दोन गोष्टी एकदम अंगावर येतात, गारवा आणि आवाज. पंख्यांची अशी काही घरघर, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. दोन काळे रॅक, त्यात चौदा सर्व्हर, खाली स्टोरेज, कोपऱ्यात यूपीएस. रॅकच्या दारावर गणपतीचा स्टिकर आणि खंडेनवमीच्या पूजेचं पुसट हळदीकुंकू. झेंडूची माळ मात्र पूजा झाल्या झाल्या काढतात. ‘पाकळी पंख्यात गेली तर देव माझ्यावरच कोपेल,’ इति सर्व्हर.

रॅकच्या समोर उभं राहिलं की गार वारा. मागे गेलं की तोंडावर हेअर ड्रायर मारल्यासारखी गरम हवा. पुढे महाबळेश्वर, मागे नागपूर. सगळा फंडा इथेच आहे. सर्व्हर समोरून गार हवा ओढतो, आतला प्रोसेसर गार करतो आणि गरम हवा मागून फेकतो. ती परत पुढे येऊ द्यायची नाही, एसीने उचलून बाहेर न्यायची. खोली किती गार आहे हे मोजायचं तर भिंतीवर नाही, सर्व्हर जिथून हवा आत घेतो तिथे मोजायचं. अमेरिकेतली ॲश्रे ही एसीवाल्या इंजिनीअरांची संघटना सांगते, की या हवेचं तापमान १८ ते २७ डिग्री असावं. बऱ्याच सर्व्हरची सहनशक्ती ३५ पर्यंत असते. म्हणजे स्वेटर घालून बसायची गरज नाही. पण ३५ च्या पुढे बनवणाऱ्या कंपनीने हात वर केलेले असतात.

चौदा मिनिटं

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. या खोलीतली सगळी यंत्रं मिळून साधारण पाच किलोवॉट वीज खातात. खाल्लेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे घरातल्या पाच इस्त्र्या एका बंद खोलीत, रात्रंदिवस, फुल्ल चालू. ती उष्णता बाहेर न्यायला दोन टनांचे दोन एसी आहेत, एक चालतो तेव्हा दुसरा आराम करतो. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता उचलायची ताकद, म्हणजे एकटा एसीही पुरून उरतो.

पण दोन्ही बंद पडले तर? दहा बाय बाराच्या खोलीत हवा असते जेमतेम पस्तीस-छत्तीस किलो. कागदावर हिशोब केला, तर पाच किलोवॉट ती हवा सात-आठ सेकंदांत एक डिग्रीने तापवतील. प्रत्यक्षात भिंती, फरशी, लोखंड थोडी उष्णता पिऊन टाकतात, म्हणून वेळ मिळतो. किती? सर्व्हरने एका सुट्टीच्या दिवशी एसी बंद करून, हातात घड्याळ घेऊन मोजलं. २२ वरून ३५ वर यायला चौदा मिनिटं.

आणि यूपीएसची बॅटरी चालते चाळीस मिनिटं! गंमत आहे की नाही? आपण सगळे यूपीएसच्या जिवावर निर्धास्त असतो. पण यूपीएसवर असतात सर्व्हर, एसी नसतो. एवढा एसी ओढेल असा यूपीएस छोट्या ऑफिसला परवडत नाही. लाईट गेली, की इस्त्र्या चालू आणि खिडकी बंद. चाळीस मिनिटं चालणारी बॅटरी म्हणजे चाळीस मिनिटं तापवायची सोय.

लाईट गेली आणि आली

हे गणित त्याने हौसेने मांडलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यातला रविवार. ऑफिस बंद. सर्व्हर तळकोकणात, बहिणीच्या हळदीला. लग्न सोमवारी.

दुपारी महापेत लाईट गेली आणि दहा-अकरा मिनिटांत आली. सर्व्हरांना कळलंही नाही, यूपीएस होता ना. एसीला कळलं. चालू असलेल्या एसीचा कपॅसिटर उडाला. दुसऱ्याला पाळी लावून देणारा टायमर लाईट गेल्यामुळे शून्यावर गेला आणि आपली वेळ व्हायची वाट बघत बसला. खोली तापू लागली.

धोक्याची सूचना देणारी व्यवस्था होती बरं का. ठरल्याप्रमाणे मेल गेली. कुठे? याच खोलीतल्या मेल सर्व्हरवर. दार बंद, आवाज बंद, रविवार. संध्याकाळी वॉचमन काका राउंडला आले, तेव्हा दाराची मूठ हाताला लागली. त्यांनी फोन केला, ‘साहेब, दार गरम लागतंय.’

‘मी म्हटलं, काका, उघडा दार,’ सर्व्हर सांगतो. ‘ते म्हणाले, भट्टी आहे. आणि आतून आवाज कमी येतोय. तेव्हाच कळलं.’

प्रोसेसर स्वतःला जपतो. तापला की आधी काम हळू करतो, अगदीच हाताबाहेर गेलं की जागच्या जागी वीज तोडतो. चांगली गोष्ट आहे, आग लागत नाही. पण ही वीज तोडणं म्हणजे चालत्या माणसाच्या पायाखालची फळी काढणं. डेटाबेस अर्धी नोंद लिहीत असतो, ती तशीच राहते. स्टोरेजच्या डिस्क तोवर भाजून निघालेल्या असतात. त्या रविवारी चौदापैकी नऊ सर्व्हर असे आडवे झाले, त्यात बिल्ट्यांचा डेटाबेस होता. बॅकअपवरून सगळं परत उभं करायला दोन दिवस लागले. दोन दिवस गाड्या हाताने लिहिलेल्या बिल्ट्यांवर निघाल्या.

सर्व्हरने रविवारी रात्रीची बस पकडली. बहिणीच्या अक्षता त्याने फोनवर ऐकल्या.

‘शेठ रागावले नाहीत,’ तो म्हणतो. ‘एवढंच म्हणाले, तू इथे असतास तर… वाक्य पुरं केलंच नाही. मी मनात म्हटलं, बरोबर आहे. पण मी कायम इथे असू शकत नाही ना.’

‘आमचं शेवटी बंद करा’

उपाय पुस्तकात असतो तो सोपा आहे. तापमान एका मर्यादेपलीकडे गेलं, की सर्व्हरांनी आपापल्या फाइल्स नीट मिटून, डेटाबेस बंद करून, रीतसर झोपी जायचं. माणूस असो वा नसो. बऱ्याच सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाची एक छोटी चिप असते. सर्व्हर बंद असला तरी वायर लागलेली असेपर्यंत ती जागी असते आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान सांगते. यूपीएसला वेगळा सेन्सर जोडता येतो. नेटवर्क यूपीएस टूल्स नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर एका मशीनकडून बाकीच्यांना ‘निजानीज’चा निरोप देऊ शकतं. सर्व्हरने हे सगळं चार संध्याकाळींत जोडलं.

चार महिने गेले परवानगीत.

शेठचा सवाल चुकीचा नव्हता. ‘सेन्सर खराब झाला आणि भर दुपारी माझं ऑफिस बंद पडलं तर? मशीनला एवढा हक्क द्यायचा?’ म्हणून नियम कडक केले. एका सेन्सरचं ऐकायचं नाही, दोघांचं एकमत हवं. दर तीस सेकंदांनी मोजायचं आणि लागोपाठ तीनदा वर दिसलं तरच हलायचं. कोणी दार उघडून उभं राहिलं म्हणून ऑफिस बंद व्हायला नको.

मग खरा राडा सुरू झाला, आधी कोण झोपणार यावर. मीटिंग बोलावली. अकाउंट्स म्हणालं, आमचं शेवटी बंद करा, मार्च एंड आहे. (तेव्हा ऑगस्ट चालू होता.) ऑपरेशन्स म्हणालं, बिल्टी गेली तर गाडी गेटबाहेर जाणार नाही. एचआर म्हणालं, हजेरीचं मशीन. प्रत्येकाचं शेवटी. तीन मीटिंगनंतर सर्व्हरने प्रश्न उलटा केला, ‘काय बंद झालं तर तुम्हाला दोन तास कळणारही नाही, ते सांगा.’ आणि यादी धडाधड तयार झाली. टेस्टिंगचे सर्व्हर, जुन्या फाइल्स, सीसीटीव्हीचं जुनं रेकॉर्डिंग, रिपोर्ट्स.

ती यादी आज दाराच्या आतल्या बाजूला लॅमिनेट करून लावलीय. २८ डिग्रीला तिघांना एसएमएस आणि फोन, तोही बाहेरच्या सर्व्हिसमार्फत, घरच्या मेलवर नाही. ३१ ला पहिला गट बंद. ३३ ला दुसरा. ३५ ला डेटाबेस, त्याच्यामागून स्टोरेज आणि अगदी शेवटी नेटवर्कचा स्विच. स्विच आधी गेला तर बाकीच्यांना झोपायचा निरोप पोचणार कसा? खाली शेठची सही. मला विचाराल तर ती सहीच या खोलीतली सगळ्यात महागाची वस्तू आहे. चुकून बंद पडलं तर दोष कोणाचा, याचं उत्तर आधीच देऊन ठेवलेलं.

आणि या वाटणीत एक फायदा लपलेला आहे. पहिला गट झोपला की पाचपैकी दोन इस्त्र्या बंद होतात. खोली तापायचा वेग कमी होतो. कित्येकदा डेटाबेसपर्यंत वेळच येत नाही.

लंडनही तापतं

हे आपल्याकडच्याच जुगाडू खोल्यांचं दुखणं आहे असं वाटत असेल तर थांबा. १९ जुलै २०२२ ला ब्रिटनमध्ये पारा पहिल्यांदाच ४० च्या वर गेला. त्याच दिवशी लंडनमध्ये गुगल आणि ओरॅकलच्या क्लाउडची कूलिंग यंत्रणा कोलमडली. गुगलने यंत्रं वाचवण्यासाठी आपणहून काही भाग बंद केला. त्याच दिवशी लंडनच्या गायज अँड सेंट थॉमस हॉस्पिटलची दोन्ही डेटा सेंटर बसली आणि डॉक्टरांवर कागद-पेन घ्यायची वेळ आली. १४ ऑक्टोबर २०२३ ला सिंगापूरमध्ये एका डेटा सेंटरचं कूलिंग बिघडलं आणि डीबीएस आणि सिटी या दोन बँकांचे मिळून सुमारे २५ लाख व्यवहार अडकले. आणि १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? ग्रीड कोसळली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सकाळीच ठप्प झाली. त्या दिवशी कित्येक छोट्या सर्व्हर रूममध्ये टेबल फॅन लावून, दार सताड उघडून माणसं पुठ्ठ्याने वारा घालत होती.

झोपेची रंगीत तालीम

मी गेले त्या शनिवारी तालीम होती. वर्षातून दोनदा करतात, मेच्या आधी आणि दिवाळीनंतर. यंदा पहिलीला उशीर झाला होता. बॅकअप घेतलेला, सगळ्यांना आदल्या दिवशी कळवलेलं. सर्व्हरने खिशातून चक्क हेअर ड्रायर काढला आणि दोन्ही सेन्सरवर आलटून पालटून गरम हवा मारायला लागला.

२८. माझ्यासमोर त्याचा फोन वाजला, मग ऑपरेशन्सच्या मॅनेजरचा, मग खाली वॉचमन काकांचा. ३१. दीड मिनिट काहीच नाही. मग रॅकच्या वरच्या भागातला एक पंखा मंदावला, हिरवा दिवा विझला. दुसरा. तिसरा. ३३ ला आणखी चार. प्रत्येक मशीन गेलं की आवाज एक पायरी खाली उतरायचा.

एक अडून बसलं. अकाउंट्सचं. स्क्रीनवर विंडोज अपडेट फिरत होतं, ‘कृपया बंद करू नका.’ सर्व्हरने घड्याळ लावलं. अकरा मिनिटं. चौदा मिनिटांच्या खोलीत अकरा मिनिटं खाणारं गिऱ्हाईक! त्याने पेन काढून लॅमिनेटवरच बदल लिहिला. अकाउंट्स पहिल्या गटात, तेही २९ डिग्रीला, आणि अपडेट दर गुरुवारी रात्री उरकून घ्यायचे. सोमवारी अकाउंट्सशी भांडण ठरलेलं.

मग डेटाबेस. मग स्टोरेज. शेवटी स्विच. आणि एकदम शांतता. इतकी, की खालून काकांचा रेडिओ ऐकू आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय म्हणाला.

‘आता परत आपोआप चालू होणार?’ मी विचारलं. ‘अजिबात नाही,’ तो म्हणाला. ‘बंद मशीनने करायचं, चालू माणसाने. एसी का गेला ते बघितल्याशिवाय चालू केलं तर परत तेच.’

यंदा गणपतीला गावी जाणार, दहा दिवस, तो जाता जाता म्हणाला. रजेचा अर्ज दिलाय. शेठनी लगेच मंजूर केला.

तुमच्या ऑफिसात अशी खोली असेल तर…

• सेन्सर सर्व्हरच्या समोर, हवा आत जाते तिथे. एक नाही, दोन.
• एसी बंद करून खोली किती मिनिटांत तापते ते एकदा मोजा. सुट्टीच्या दिवशी, बॅकअप घेऊन, ३० च्या पुढे न जाता. पुढचा अंदाज बांधता येतो.
• लाईट आल्यावर एसी आपोआप चालू होतो का, मेन स्विच पाडून बघा.
• धोक्याचा निरोप त्याच खोलीवर अवलंबून नको.
• बंद करायचा क्रम कागदावर, वर साहेबांची सही.
• प्रत्येक सर्व्हर बंद व्हायला किती वेळ घेतो, घड्याळ लावून पाहा.
• वॉचमन काकांकडे खोलीची किल्ली आणि तुमचा नंबर, दोन्ही हवं.

कसं जाल?

ठाण्याहून किंवा वाशीहून ट्रान्स हार्बर लोकल, घणसोली किंवा कोपरखैरणे स्टेशन, पुढे रिक्षा. आत कोणी सोडणार नाही, पण बिनखिडक्यांच्या इमारती रस्त्यावरून मस्त दिसतात. सीझन असेल तर येताना ऐरोलीला उतरून फ्लेमिंगो पाहा. आणि हो, सोमवारी ऑफिसला गेलात की त्या बंद दाराच्या मुठीला एकदा हात लावून बघाच.